जिभेचा फोटो

"आप्पांच्या जिभेचा फोटो पाठवशील का? खिडकीच्या उजेडात काढ. चहा व्हायच्या आधी." गेल्या सप्टेंबरात मी भावजयीला हा मेसेज पाठवला तेव्हा सांगलीत सकाळचे सात वाजले होते. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढची पाच मिनिटं काहीच नाही. मग तिचा फोनच आला. "ताई, जिभेचाच ना? का टाइप करताना काही चुकलं?" मी म्हटलं, जिभेचाच. तिने आणखी काही विचारलं नाही. आमच्या घरात आलेल्या मुली फार प्रश्न विचारत नाहीत, त्यांना लवकरच कळतं की उत्तरं मिळाली तरी उपयोग नसतो. मागून आप्पांचा आवाज येत होता, "कोण आहे? काय म्हणते? माझ्या जिभेला काय झालंय?"

झालं होतं ते सगळ्या अंगालाच. ऐन पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, अकरा दिवस मिरजेला दवाखान्यात काढले आणि घरी आले ते निम्मे होऊन. वय शहाऐंशी. रिपोर्ट सगळे 'सुधारतंय' म्हणत होते, पण माणूस काही सुधारेना. दोन घास खाऊन ताट सरकवायचे. फोनवर पूर्वी सांगलीच्या बाजारातल्या हळदीचा भाव, पुलाखालच्या पाण्याची पातळी, कोण गेलं, कोणाची सून भांडून माहेरी गेली, असं सगळं सांगणारा माणूस आता "बरंय" एवढंच बोलायचा. एक शब्द, तोही अर्धा. मी सिंगापुरात एकोणीस वर्षं आहे. या एकोणीस वर्षांत माझ्या हाताला एक खोड लागली आहे: तिकडे काही बिघडलं की इकडे काहीतरी विकत घ्यायचं.

म्हणून मी आमच्या इमारतीखालच्या चिनी औषधांच्या दुकानात गेले. त्या दुकानावरून मी रोज जाते. उंबऱ्यापाशी येतो तो वास मला आता घरासारखा झालाय: ज्येष्ठमध, संत्र्याच्या वाळक्या साली, ओल्या लाकडाचं कपाट आणि तळाशी काहीतरी समुद्राचं, खारट. भिंतभर लहान लहान खण. चिनी भाषेत या कपाटाला शंभर पोरांचं कपाट म्हणतात. खणांवर अक्षरं आहेत खरी, पण दुकानातले काका ती बघत नाहीत. हात आपोआप जातो, आमच्या आजीचा मिसळणाच्या डब्यात जायचा तसा. वय सत्तरीच्या पुढचं, अंगात बारीक चौकटीचा शर्ट, चष्मा कपाळावर. सगळे त्यांना 'अंकल' म्हणतात, मीही म्हणते. भिंतीवर त्यांचं वैद्य म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, कारण 2000 च्या कायद्यापासून इथे चिनी वैद्यांना नोंदणी करावी लागते. मी सरळ सांगितलं, वडिलांसाठी जिनसेंग (शक्तीसाठी खातात ती मुळी) हवंय, सगळ्यात चांगलं, कोरियाचं, सहा वर्षांचं. असं मागितलं की कुठलाही दुकानदार खूश होईल. हे अंकल झाले नाहीत. चष्मा खाली आला. "जेवतात किती?" दोन घास. "पोट साफ होतं?" मला माहीत नव्हतं. "कफ?" आहे अजून. "जीभ कशी आहे?" आता माझ्या वडिलांची जीभ मी शेवटची कधी पाहिली असेल? माणूस परगावी असला की त्याचा चेहरा लक्षात राहतो, आवाज राहतो, जीभ कोण लक्षात ठेवतो. मी गप्प राहिले तशी त्यांनी काउंटरवरच्या माझ्या मोबाईलकडे बोट दाखवलं. "फोटो मागव. मग बघू."

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो दाखवला. आप्पांनी डोळे घट्ट मिटून, लहान मुलासारखी जीभ काढली होती. अंकलनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. जिभेवर पिवळट पांढरा, जाड, ओल्या पिठासारखा थर होता. त्यांनी मान हलवली. "नाही. नाही देणार."

दोन कारणं सांगितली. पहिलं असं, की आजाराचा चोर अजून घरात आहे. अशा वेळी बळ वाढवणारं औषध देणं म्हणजे चोर आत असताना दाराला कुलूप घालणं. ही चिनी वैद्यांची जुनी म्हण आहे. दुसरं असं, की जो फार रिता झालाय त्याला भर घातलेली पेलत नाही. वाळलेल्या कुंडीत एकदम बादली ओतली की पाणी बाजूने वाहून जातं, हे मात्र त्यांनी कुंडी दाखवूनच सांगितलं, दाराशी त्यांची एक करपलेली तुळस होती. (तुळस चिनी माणसाच्या दारी कशी, असं विचारायचं राहूनच गेलं.) "मग काय देऊ?" मी विचारलं. "भात. पातळ. पाणी जास्त. मीठ थोडं." आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मला राग आला. खरंच आला. पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला असं परत पाठवतात? भात काय मला सांगलीत मिळत नाही? त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा तो म्हणाला, "तुला राग कशाचा आलाय, नाही म्हणाले त्याचा, का भात म्हणाले त्याचा?" तो त्याच्या ताटातला भात कालवत होता. मी उत्तर दिलं नाही. पुढच्या शनिवारी शहरातल्या एका मोठ्या झगमगीत दुकानातून जिनसेंगचा डबा घेतला. लाल, सोनेरी, आत लाकडी पेटी, पेटीत दोन मुळ्या. जिभेबद्दल कोणी विचारलं नाही. विमानाच्या तिकिटाच्या निम्मी किंमत होती. ती मशीनवर कार्ड टेकवताना काय वाटलं ते सांगते: हलकं वाटलं. आप्पांना नव्हे, मला.

हे मात्र पुढे कितीतरी दिवस सलत राहिलं.

मग मी वाचायला लागले. वाचणं हीसुद्धा माझी एक खोडच. अठराव्या शतकात चीनमध्ये श्यू दाछुन नावाचा वैद्य होऊन गेला. 1757 साली त्याने एक छोटा निबंध लिहिला, जिनसेंगवरच. माणसाला मारणाऱ्या गोष्टी त्याचं घर बुडवतातच असं नाही, आणि घर बुडवणाऱ्या गोष्टी त्याला मारतातच असं नाही. आधी घर बुडवून मग माणसाला मारणारी गोष्ट एकच, ती म्हणजे जिनसेंग, अशा अर्थाचं तो लिहितो. तेव्हाही ती सोन्यासारखी महाग होती. त्याचं म्हणणं असं की लोक ती रोग्यासाठी घेतच नाहीत. मुलं घेतात ती 'आईबापांसाठी काही कमी केलं नाही' हे चारचौघांत सांगता यावं म्हणून, आणि वैद्य लिहून देतात ते पुढे बोल लागू नये म्हणून. मुळी घातली आणि माणूस गेला, तरी सगळ्यांचे हात स्वच्छ. हे वाचताना मला कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवल्यासारखं झालं. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस, आणि माझ्या कार्डाची पावती त्याच्या हातात.

चिनी वैद्यकात हे 'बू', म्हणजे भर घालणं, मोठं प्रकरण आहे. कशात काय कमी आहे त्याप्रमाणे भर चार तऱ्हेची: ची कमी, रक्त कमी, यिन (अंगातला थंडावा, ओलावा) कमी, यांग (अंगातली ऊब) कमी. त्यातली ची म्हणजे आपण मराठीत सहज ज्याला जीव म्हणतो, दम म्हणतो, तेच जवळपास. 'जवळपास' म्हणते, कारण मी खूप खटाटोप करूनही एका शब्दात ते बसवू शकले नाही. (उच्चार खरा तर 'छी'कडे झुकतो. पण आपल्याकडे तो शब्द नाक मुरडायला राखीव आहे, म्हणून मी 'ची'च लिहिते.) तिकडे तो शब्द सगळीकडे घुसलेला. हवामान म्हणजे आकाशाची ची. राग येणं म्हणजे ची उसळणं. स्वभाव तापट असणं म्हणजे प्लीहेची ची, आणि पाहुण्यासारखं अवघडून वागणं म्हणजे पाहुण्याची ची. शेजारच्या आँटी मला पहिली दोन वर्षं तेच म्हणायच्या, ख-ची करू नकोस, पाहुण्यासारखी वागू नकोस, आणि हातात सूपचा डबा कोंबायच्या. आपल्याकडेही जीव असाच घरभर फिरतो म्हणा: जीवात जीव येतो, जीव टांगणीला लागतो, थोडा थोडा होतो, वरखाली होतो, कशाकशात गुंततो. आणि त्याशिवाय आमच्या आजीचा लाडका शब्द, 'हुशारी'. परीक्षेतली नव्हे. तापातून उठलेलं पोर पहिल्यांदा अंथरुणात बसून काही मागायला लागलं की ती म्हणायची, "आता जरा हुशारी आली बघ." जिभेचा फोटो तिला कधी लागला नाही.

मी हे सगळं आप्पांना फोनवर सांगायची, काहीतरी बोलायला हवं म्हणून. आप्पा वजनमापं खात्यात निरीक्षक होते. 1961 साली लागले, म्हणजे शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम येत होते त्या धामधुमीत. आठवडी बाजारात पोलादी पट्टी, वजनांची पेटी आणि शिक्का मारायचा हातोडा घेऊन फिरले. किती व्यापाऱ्यांचे तराजू जप्त केले आणि कितींच्या शिव्या खाल्ल्या, याचा हिशेब त्यांच्याकडे आहे. ची म्हणजे काय ते मी बराच वेळ समजावलं. तिकडून श्वासाचा आवाज येत होता. मग त्यांनी त्या महिन्यातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं. "ते मोजतात कशात?"

मोजत नाहीत, मी म्हटलं. कोणाकडे काटा नाही.

"मग विकतात कसं?"

प्रश्न फोडणीसारखा बसला. आणि तो पोकळ नव्हता. 1990 च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यातल्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी नावाने जवळची पण दुसऱ्याच जातीची मुळी गेली. त्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. शंभरेक बायकांच्या मूत्रपिंडांची वाट लागली, काहींना नंतर कॅन्सर झाला. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "वजन बरोबर, माल चुकीचा." त्यांच्या खात्याची हद्द तिथे संपायची. वजन बरोबर असेल तर ते गुन्हा नोंदवू शकत नसत, आणि ते त्यांना आयुष्यभर डाचलं. माझं या सगळ्याबद्दल नक्की मत काय, असं कोणी विचारलं तर मी चाचरते. ची नावाचं काही अंगात वाहतं असं मला कोणी सिद्ध करून दाखवलेलं नाही, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर असलं म्हणून खणातलं सगळं निरुपद्रवी होत नाही. पण ज्या माणसाने माझ्या वडिलांचं पोट, कफ, झोप, भूक, सगळं विचारलं आणि मग पैसे नाकारले, त्याला भोंदू म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणि सूप. शेजारच्या आँटींचं काळ्या कोंबडीचं सूप. कोंबडीची पिसं पांढरी, कातडी मात्र काजळासारखी, हाडंसुद्धा काळपट. त्यात लाल खजुरासारखी सुकी बोरं, गोजी बेरीचे नारिंगी दाणे आणि तांग-क्वेईचे काप. तांग-क्वेईचा वास मला सुरुवातीला सोसायचा नाही, सेलरी आणि बंद ट्रंक एकत्र केल्यासारखा. आता मळभ आलं, पाळीच्या दिवसांत कंबर दुखली, की मीच तो वास शोधते. आम्हा सांगली-कोल्हापूरकडच्यांना यात नवं काही नाही. मटण शिजताना तिखट घालायच्या आधी काढलेलं अळणी पाणी, वाटीत, वर तुपाचे डोळे, हे आमच्याकडे अशक्त पोराला, बाळंतिणीला, परीक्षेहून आलेल्याला देतात. काय उष्ण पडतं, काय थंड पडतं, यावरून आँटी आणि माझी आजी समोरासमोर बसल्या असत्या तर भाषेवाचून दोन तास भांडल्या असत्या, आणि पपईवरून तर नक्कीच.

तांग-क्वेई या नावाचा अर्थ 'परत यायला हवं' असा होतो, हे आँटींनीच सांगितलं. बायकांचं औषध म्हणून ती प्रसिद्ध, रक्ताला भर घालणारी. त्यांनी एक गोष्टही सांगितली, जी मी नंतर पडताळून पाहिली. तिसऱ्या शतकात, तीन राज्यांच्या लढायांच्या काळात, ज्यांग वेई नावाचा सरदार शत्रूच्या राज्यात जाऊन मिळाला. आई मागे राहिली. तिने त्याला पत्र लिहिलं, त्यात मागितलं काय, तर तांग-क्वेई. त्याने उत्तर पाठवलं, की माझ्यापाशी युआन-झ आहे, तांग-क्वेई नाही. युआन-झ हीसुद्धा एक मुळीच, डोकं शांत करायला देतात. तिच्या नावाचा अर्थ 'दूरवरची आकांक्षा'. आई-मुलाने एकमेकांना औषधांची यादी पाठवल्यासारखं वाटेल, आणि सगळं बोलून झालेलं असेल. आँटी हे सांगून हसल्या, सूपच्या डब्याचं झाकण लावलं, त्यावर कापड बांधलं. मी तो डबा ओट्यावर ठेवून बराच वेळ उघडला नाही.

दिवाळीत मी सांगलीला गेले. जिनसेंगचा डबा बॅगेत कपड्यांच्या घड्यांत होता. आप्पा अंगणात खुर्चीवर बसले होते, स्वेटर दोन मापं मोठा वाटत होता. मिरजेच्या डॉक्टरांना मी डबा दाखवला तर ते म्हणाले, "आप्पांना वॉरफरिन चालू आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी. जिनसेंगने त्या गोळीचा हिशेब बिघडतो. नको." म्हणजे सिंगापूरच्या अंकलनी जिभेवरून जे सांगितलं तेच यांनी रक्ताच्या रिपोर्टवरून सांगितलं. दोघांची कधी भेट होणार नाही. वर भावजयीने कुठेतरी वाचून आणखी एक पाचर मारली: जिनसेंग घेताना मुळा खायचा नसतो म्हणे. हे चिनी पथ्य खरंच आहे, मुळा जिनसेंगची ताकद उतरवतो असं ते मानतात. आप्पा म्हणाले, "मुळी खायची म्हणून मुळा सोडायचा? ठेव ती कपाटात." थंडीच्या दिवसांतली मुळ्याची चटका भाजी त्यांनी मोतीचूर लाडवासाठीही सोडली नसती.

तेव्हा शेवटी भावजयीने सुरू केली ती पेज. तिने सुरू केली असं म्हणते, पण आठवड्यापूर्वीपासून ती देतच होती, मला फोनवर सांगितलं नव्हतं इतकंच. सांगण्यासारखं त्यात काय होतं? तांदूळ भाजून, भरडून, भरपूर पाण्यात मऊ शिजवायचे, मीठ, चिमूट जिरं, वरून तूप. आमच्या आजीची आजारातून उठलेल्यासाठीची शिडी ठरलेली होती. आधी पेज, मग घट्ट पेज, मग मऊ भात, मग मुगाची आमटी, आणि चपाती सगळ्यात शेवटी. आयुर्वेदात याच पायऱ्यांना पेया, विलेपी अशी नावं आहेत, हे मला फार उशिरा कळलं. सुश्रुतात तर म्हटलंय, की शरीर शुद्ध न करता रसायन दिलं तर ते लागत नाही, मळक्या कापडावर रंग चढत नाही तसं. चोर, कुलूप, कुंडी, कापड. म्हातारे वैद्य सगळीकडचे सारखेच, उपमा दिल्याशिवाय हातात काही ठेवत नाहीत.

पेजेची वाटी मी आप्पांसमोर धरली होती आणि वाफ चष्म्यावर येत होती, तेव्हा मला ते अक्षर आठवलं. ची हे अक्षर जुन्या पद्धतीने लिहितात तेव्हा वर वाफेच्या लहरी असतात आणि खाली तांदळाचं अक्षर. तांदूळ आणि त्यावरची वाफ. चीनमध्ये अलीकडे सोपं करून लिहितात त्यात खालचे तांदूळ काढून टाकलेत, नुसती वाफ उरली आहे. अंकलच्या पाटीवर मात्र तांदूळ अजून आहेत. जन्माबरोबर जी ची येते ती आईबापांनी दिलेलं मुद्दल, तिला सांभाळायचं; रोजचा खर्च भागतो तो पोटातून, धान्याच्या चीवर, असा त्यांचा हिशेब आहे. पेन्शनरांना तो लगेच पटावा. आणि 1861 साली वांग शिश्योंग नावाच्या वैद्याने आहारावर लिहिलेल्या पुस्तकात स्पष्ट म्हटलंय की पेज आणि भात ही जगातली पहिल्या नंबरची शक्तिवर्धक वस्तू. गरिबाला अशक्तपणा आला तर जिनसेंगच्या काढ्याऐवजी तांदळाची घट्ट पेज द्या, गुण येतो. मी हे विमानात वाचलं होतं. बॅगेत वर लाल-सोनेरी डबा होता.

आप्पांनी तीन चमचे घेतले आणि हात केला, पुरे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. बाहेर कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग आप्पांची हाक. खणखणीत नव्हे, पण हाक. बाहेर गेले तर त्यांनी डबा फोडला होता. पेटी उघडी, मुळ्या वर्तमानपत्रावर, हातात भिंग. मुळ्या लालसर तपकिरी, अर्धपारदर्शक, दोन पाय आणि दोन हात असलेल्या माणसासारख्या. एकीचा एक पाय दुसरीच्या पायावर टाकलेला. "हे सहा वर्षांचं म्हणतात ना? मानेवर दर वर्षाची एक खूण असते असं यात लिहिलंय. मी पाच मोजल्या. सहावी दाखव." मी भिंगातून पाहिलं, मलाही पाचच दिसल्या. पण त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्यांनी डब्याच्या तळावर बोट ठेवलं. 37.5 ग्रॅम. "हे असलं वजन कोण लिहितं? चाळीस लिही, पन्नास लिही. साडेसदतीस?"

मी म्हटलं, असेल काहीतरी.

"असेल काहीतरी नाही. हे जुनं माप आहे, वरून ग्रॅमचा सदरा घातलाय." त्यांनी पेन मागितलं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला गुणाकार मांडला. साडेसदतीस गुणिले दहा, तीनशे पंचाहत्तर, नाही जमत. गुणिले सोळा. सहाशे. त्यांनी पेन खाली ठेवलं. "सोळा. बघ. सोळा आणे, सोळा छटाक. सहाशेचा एक काहीतरी शेर असणार यांचा, आणि हा त्याचा सोळावा हिस्सा." मी फोनवर शोधलं. खरंच, कोरियात सहाशे ग्रॅमचं एक जुनं माप आहे आणि त्याचा सोळावा भाग साडेसदतीस. सिंगापुरातही तसंच, तिथला ताहिल 37.8 ग्रॅम, आणि सोळा ताहिलांचा एक काटी. त्या ताहिलाचे दहा भाग केले की प्रत्येकाला म्हणतात छ्येन, आणि छ्येन म्हणजे पैसासुद्धा. "पैसाभार!" आप्पा म्हणाले. आजीच्या काढ्यात सुंठ पैसाभार असायची.

मग त्यांनी नातवाला मुळ्या घेऊन कोपऱ्यावरच्या सराफाकडे पिटाळलं, सोन्याच्या काट्यावर तोलून आणायला. पोरगा लाजत गेला आणि चिठ्ठी घेऊन आला: 38.1. आप्पांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "जास्त आहे. ओल धरली असेल आपल्या हवेची." चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली. बराच वेळ मुळ्या बघत बसले. मग स्वयंपाकघराच्या दिशेने, कोणाला असं नाही, म्हणाले, "पेज आहे का गं उरलेली? थोडी गरम कर. लोणचं दे बरोबर." भावजय आतून बाहेर आली आणि दारातच थांबली, हात पिठाचे. लोणचं त्यांनी जुलैनंतर मागितलं नव्हतं.

मुळ्या आता सांगलीला शोकेसमध्ये आहेत, माझ्या आठवीतल्या वक्तृत्वाच्या ढालीशेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. किंमत सांगत नाहीत, 38.1 सांगतात.

जानेवारीत मी अंकलच्या दुकानात गेले, नवा फोटो घेऊन. यावेळी आप्पांचे डोळे उघडे होते आणि ते हसू दाबत होते, त्यामुळे जीभ जरा हललेली आली होती. अंकलनी मोठा करून पाहिला. थर पातळ झालाय, म्हणाले, कडा गुलाबी आहेत. "जिनसेंग दिलं?" मी म्हटलं, नाही, तोलून पाहिलं. त्यांना वाटलं माझं इंग्रजी चुकलं. मग मी सगळं सांगितलं, वजनमापं खातं, साडेसदतीस, सोळा, सराफ. अंकल खाली वाकले आणि काउंटरखालून सारंगीच्या आकाराची एक लाकडी पेटी काढली. आत त्यांच्या आजोबांचा तराजू होता: हाडाची पिवळी दांडी, तिच्यावर बारीक ठिपक्यांच्या खुणा, एका टोकाला पितळी ताटली, आणि दोऱ्यावर सरकणारं वजन. एरवी इलेक्ट्रॉनिक काटाच वापरतात, हा फक्त पुसून ठेवतात. त्यांनी तो दोन बोटांत धरला, ताटलीत माझ्यासाठी गोजीचे चार दाणे टाकले आणि दांडी आडवी झाली. मी फोटो काढला, सांगलीला पाठवला.

उत्तर आवाजी मेसेजमध्ये आलं. मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या. "तराजू चांगला आहे. पण पडताळणीचा शिक्का कुठे दिसत नाही. विचार त्याला, शेवटचा कधी तपासून घेतला."

मी विचारलं. अंकल दांडी उलटीसुलटी करून शिक्का शोधू लागले.